घरी बांधलेली विचित्र गाडी आणि वेगाचा विक्रम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही तिघांनी एका जुन्या बाथटबला चार चाकं आणि मोटरसायकलचं २५० सीसी इंजिन बसवलं, तेव्हापासून भेटेल तो माणूस साधारण तेच पंधरा प्रश्न विचारतो. पहिला प्रश्न नेहमी "का?" असतो. त्याचं उत्तर आमच्यापाशी नाही, म्हणून तो इथे घेतलेला नाही. बाकीचे घेतले आहेत.

ही शर्यत असते का?

नाही. शेजारी दुसरी गाडी नसते, वळणं नसतात. समोर एक सरळ रेष असते. लांबून धावत यायचं, वेग पुरा झाला की मोजणीच्या टप्प्यात शिरायचं, तो पार करायचा आणि पुढच्या मोकळ्या जागेत थांबायचं. टप्पा एक मैलाचा किंवा एक किलोमीटरचा असतो, कधी त्याहून लहान. घड्याळ मोजतं ते फक्त त्या टप्प्यातली सरासरी. तुमच्या स्पीडोमीटरवर क्षणभर काय दिसलं याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. म्हणून "आपण १४० गाठले होते" असं छातीठोक सांगणारा माणूस मोजलेल्या वेगाची चिठ्ठी हातात पडल्यावर बहुधा गप्प होतो. आम्हीही झालो होतो.

विचित्र म्हणजे किती विचित्र चालतं?

चाकं लागतात, चालवणारा आत बसावा लागतो आणि तपासणीत पास व्हावं लागतं. बाकी मर्यादा कल्पनेची. ऑस्ट्रेलियात २०११ साली मोटार बसवलेला एक सोफा ताशी १६३ किलोमीटरनं पळाला. ब्रिटनमध्ये बागेतल्या अवजारांची लाकडी शेड, दार-छपरासकट, ताशी शंभर मैलांच्या म्हणजे १६० किलोमीटरच्या पुढे गेली आहे. गवत कापायच्या यंत्रांचे तर वेगळे विक्रम आहेत.

एक बारकावा मात्र असतो. सोफ्याचा विक्रम करायचा तर तो सोफाच दिसला पाहिजे आणि त्यावर बसता आलं पाहिजे. मोटारीच्या टपावर सोफा बांधला तर त्याला कुणी सोफा म्हणणार नाही. त्यामुळे बांधणी सुरू करण्याआधी ज्या संस्थेकडून नोंद करून घ्यायची आहे तिचे नियम मागवून वाचा. बांधून झाल्यावर वाचणारेच जास्त भेटतात.

मोठं इंजिन टाकलं की वेग आपोआप येईल ना?

इथेच बहुतेकांची गाडी अडते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि तो विरोध तोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं. वेग दुप्पट हवा तर ताकद आठपट हवी.

आकडे घालून बघू. दोन मीटर रुंद, दोन मीटर उंच अशी शेड घ्या. समोरचं क्षेत्रफळ चार चौरस मीटर, आणि आकार खोक्यासारखा म्हणून विरोधाचा गुणांक ०.८ धरू. ताशी १६० किलोमीटरला नुसती हवा बाजूला सारायला सुमारे २२५ अश्वशक्ती लागतात. चाकांचं घर्षण, गिअरमधला तोटा वेगळाच. आता तेच गणित एका निमुळत्या, जमिनीलगतच्या गाडीला लावा: क्षेत्रफळ ०.८ चौरस मीटर, गुणांक ०.२. त्याच वेगाला लागतात जेमतेम ११ अश्वशक्ती. म्हणजे एका साध्या मोटरसायकलच्या इंजिनाइतक्या! हीच गाडी ताशी ३२० ला न्यायची तर ९० पुरतात. शेडला तिथे १८०० लागतील, आणि तोवर छप्पर जागेवर राहिलेलं नसेल.

आमचं मत: पहिले सहा महिने इंजिनाला हात लावू नका. पुठ्ठा, पट्टी आणि करवत घेऊन समोरचं क्षेत्रफळ कमी करा. चालकाला जितकं आडवं झोपवता येईल तितकं झोपवा. आरसे, कडा, उघडी चाकं, चालकाचे बाहेर आलेले खांदे, सगळं हवेत अडकतं.

मग आकार आणायचा कुठून? घरी पत्रा ठोकून तो येत नाही.

बिल बर्क या अमेरिकन गड्यानं १९४६ मध्ये यावर तोडगा काढला. महायुद्ध संपलं होतं आणि लढाऊ विमानांच्या पंखाखाली लावायच्या जादा इंधनटाक्या भंगारात पडून होत्या. त्यानं मस्टँग विमानाची टाकी घेतली, तिच्यात इंजिन बसवलं आणि कॅलिफोर्नियातल्या सुक्या तळ्यावर पळवली. पुढे त्यानं लायटनिंग विमानाची आणखी मोठी टाकी वापरली, कारण तिच्यात माणूस आणि इंजिन दोन्ही नीट मावत. ज्या आकारासाठी विमानाच्या कारखान्यानं डोकं खपवलं होतं तो त्याला भंगारात मिळाला. अशा टाकीगाड्या आजही धावतात. चाकं उघडी असलेल्या या प्रकाराला तिथे लेकस्टर म्हणतात, आणि चाकं झाकलेल्या गाडीला स्ट्रीमलाइनर.

भंगाराच्या दुकानात शिरताना "हे काय आहे" यापेक्षा "याच्यावरून हवा कशी जाईल" हे बघायची सवय लावून घ्या. आमच्या टबाची एक बाजू उताराची आणि दुसरी उभी होती. बसायला सोयीचं म्हणून आम्ही उभी बाजू पुढे केली. पाच महिन्यांनी टब उलटा फिरवला.

गाडी हलकी असावी ना?

झटकन वेग घ्यायचा असेल तर हो. पण इथे वेग घ्यायला मैलच्या मैल जागा असते. उलट असे विक्रम जिथे होतात त्या मिठाच्या मैदानावर टायरला पकड कमी मिळते. इंजिन जोर लावतं आणि चाक जागच्या जागी फिरतं. म्हणून तिथले जाणते लोक गाडीत मुद्दाम शिशाची वजनं टाकतात. मात्र ती कुठे टाकली याला फार महत्त्व आहे. त्याबद्दल पुढे.

गिअर कसा ठरवायचा?

कागदावर. समजा टायरचा घेर दोन मीटर आहे, शेवटच्या गिअरमध्ये इंजिनाच्या तीन फेऱ्यांना चाकाची एक फेरी होते आणि इंजिनाची पूर्ण ताकद मिनिटाला ६००० फेऱ्यांना मिळते. चाक मिनिटाला २००० फेऱ्या मारेल, गाडी ४००० मीटर जाईल, म्हणजे ताशी २४० किलोमीटर. हे गणित उलटं करून स्प्रॉकेटचे, म्हणजे साखळीच्या दातेरी चाकाचे, दात ठरवा.

नवखा माणूस नेहमी लांब गिअर लावतो, कारण कागदावर आकडा मोठा दिसतो. प्रत्यक्षात इंजिन ४५०० च्या पुढे सरकतच नाही आणि गाडी धापा टाकत टप्पा पार करते. दोन-तीन दातांचा फरक असलेली स्प्रॉकेटं खिशात ठेवा. मिठावर चाक थोडं घसरतंच, त्यामुळे फेऱ्यांवरून काढलेला वेग घड्याळापेक्षा जास्त दिसतो. घड्याळाशी वाद घालू नका.

साधे टायर चालतील का?

त्यांच्यावर छापलेल्या वेगाच्या मर्यादेपर्यंत. त्यापुढे अजिबात नाही. ६० सेंटिमीटर व्यासाचं चाक ताशी २०० किलोमीटरला फिरतं तेव्हा त्याच्या कडेला गुरुत्वाच्या हजारपटीपेक्षा जास्त ताण असतो. टायरला चिकटलेला दहा ग्रॅमचा रबराचा तुकडा तिथे दहा किलोच्या ओढीनं बाहेर पळू पाहतो. ताशी ४०० ला तीच ओढ चाळीस किलोंच्या वर जाते. म्हणून विक्रमाच्या टायरवर नक्षी जवळजवळ नसते आणि रबराचा थरही अगदी पातळ असतो.

हवा भरायच्या व्हॉल्व्हवरची टोपी धातूचीच हवी. चेष्टा वाटते, पण चाकाच्या वेगानं व्हॉल्व्हची आतली पिन बाहेरच्या बाजूला ओढली जाते आणि हवा सुटू शकते. धातूची घट्ट टोपी हा दुसरा अडसर. तपासनीस सगळ्यात आधी वाकून तीच बघतो.

बेअरिंगही असंच. आर्ट आर्फन्स यांच्या गाडीचं पुढच्या चाकाचं बेअरिंग १९६६ मध्ये ताशी जवळपास ६०० मैलांच्या वेगात जाम झालं आणि गाडीच्या चिंधड्या झाल्या. ते स्वतः किरकोळ जखमांवर वाचले. हेच ते आर्फन्स, ज्यांनी लढाऊ विमानाचं निकामी जेट इंजिन भंगारातून आणून घरच्या घरी दुरुस्त केलं आणि मागच्या अंगणात झाडांना बांधून चालवून पाहिलं. शेजाऱ्यांना काय वाटलं असेल!

वेगात गाडी डोलायला लागली तर काय करायचं?

आमच्या टबानं आम्हाला हे शिकवलं. वापरात नसलेल्या एका धावपट्टीवर चौथी धाव होती. नव्वदपर्यंत छान चालली, शंभर ओलांडले आणि स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. दोन सेकंदांत पुढची दोन्ही चाकं ट्रॉलीच्या बिघडलेल्या चाकासारखी फडफडू लागली. चालवणाऱ्यानं, म्हणजे मीच, घाबरून ब्रेक दाबला आणि फडफड दुप्पट झाली, कारण ब्रेकनं सगळा भार पुढे आला. मग ब्रेक सोडला, स्टिअरिंग नुसतं हलक्या हातानं धरलं, गाडी आपोआप मंदावली आणि थांबली. उतरल्यावर पाच मिनिटं कुणाशी बोललो नाही.

दोन कारणं सापडली. स्टिअरिंगचा जोर चाकाकडे नेणाऱ्या दांडीच्या, म्हणजे टाय रॉडच्या, टोकाचा बॉल जॉइंट ढिला होता, बोटानं हलवला तर टकटक वाजायचा. आणि आम्ही चाकं वळायचा आस जवळजवळ उभा बसवला होता. तो वरच्या बाजूनं मागे कललेला हवा, म्हणजे चाक आपल्या आसामागे ओढलं जातं आणि स्वतःहून सरळ राहतं. सायकल हात सोडून चालवता येते त्यात या कलाचा मोठा वाटा आहे. आम्ही कल वाढवला, जॉइंट बदलला. स्टिअरिंग जड झालं, पण फडफड गेली.

डोलण्याचा दुसरा प्रकार याहून वाईट. त्यात चाकं नाही, अख्खी गाडी बाजूला वळू पाहते. बाणाचा विचार करा: टोकाला लोखंड, शेपटीला पिसं. वजनाचा मध्य पुढे आणि हवेच्या दाबाचा मध्य मागे असला की बाण सरळ जातो. उलट झालं की तो स्वतःभोवती फिरतो. गाडीचं तेच. म्हणून शिसं पुढे टाकायचं आणि गरज पडली तर मागे उभं शेपूट लावायचं. अदमास घ्यायचा असेल तर गाडीची छोटी प्रतिकृती करा, वजनाची विभागणी खरीखुरी ठेवा, समतोल बिंदूला दोरी बांधून डोक्याभोवती फिरवा. नाक पुढे करून फिरली तर ठीक. आडवी किंवा उलटी फिरली तर कारखान्यात परत जा.

थांबायचं कसं?

हा प्रश्न लोक शेवटी विचारतात. तो पहिला असायला हवा. मिठावर किंवा वाळूवर ब्रेकचा भरवसा नाही, चाक अडकलं की घसरणं आलंच. जास्त वेगाच्या गाड्यांना पॅराशूट लागतं, आणि ते वजनाच्या मध्याशी जुळेल अशा उंचीवर बांधावं लागतं, नाहीतर उघडताच नाक किंवा शेपूट उचललं जातं.

क्रेग ब्रीडलव्ह १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ताशी ५२६ मैलांचा विक्रम करून परतीच्या टप्प्यातून बाहेर पडले आणि त्यांची पॅराशूटं तुटून गेली. ब्रेक जळाले. गाडीनं टेलिफोनचा खांब तोडला, बांध ओलांडला आणि ती खाऱ्या पाण्याच्या तळ्यात जाऊन बुडाली. ते पोहून बाहेर आले. विक्रम मात्र धरला गेला, कारण मोजणीचा टप्पा आधीच पार झाला होता.

आमचा नियम साधा: थांबायला जितकी जागा लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट नसेल तर गाडी सुरू करायची नाही. आणि सार्वजनिक रस्त्यावर तर कधीच नाही, पहाटे चार वाजता रिकामा असला तरी नाही.

अशी जागा असते कुठे?

सगळ्यात नावाजलेली म्हणजे अमेरिकेच्या युटा राज्यातलं बॉनव्हिलचं मिठाचं मैदान. तिथे १९४९ पासून ऑगस्टमध्ये स्पीड वीक भरतो. घरच्या गॅरेजमध्ये बांधलेल्या गाड्या आणि लाखमोलाच्या गाड्या एकाच रांगेत उभ्या असतात. ऑस्ट्रेलियात लेक गेर्डनर हे सुकलेलं खारं तळं आहे. वेल्समधला पेंडाइनचा समुद्रकिनारा १९२० च्या दशकापासून या कामी येतो, फक्त भरती-ओहोटीचं वेळापत्रक तुमच्या वेळापत्रकाच्या वर असतं. लहान प्रयोगांना जुन्या विमानतळांच्या धावपट्ट्या बऱ्या.

मिठाचा एक स्वभाव लक्षात ठेवा. पाऊस पडला की मैदानाचं तळं होतं. २०१४, २०१५ आणि २०२२ चे स्पीड वीक असेच गेले. शिवाय बॉनव्हिल समुद्रसपाटीपासून जवळपास १२८० मीटरवर आहे. हवा विरळ, म्हणून विरोध कमी. पण इंजिनालाही श्वास कमी मिळतो. घरी ट्यून केलेला कार्ब्युरेटर तिथे पेट्रोल जास्त ओततो. जेटचा, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्रांच्या तुकड्यांचा, डबा सोबत न्या.

विक्रम कधी धरला जातो?

आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे मोटारीनं दोन्ही दिशांनी धाव घ्यायची, एका तासाच्या आत, आणि दोहोंची सरासरी धरायची. म्हणजे वाऱ्याचा आणि उताराचा फायदा पुसला जातो. बॉनव्हिलच्या स्पीड वीकला पद्धत वेगळी: आधी विक्रमापेक्षा जास्त वेग काढून पात्र ठरायचं, मग गाडी राखीव आवारात ठेवायची आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा धावायचं. दोन धावांची सरासरी.

मिकी थॉम्पसन यांनी १९६० मध्ये चार पॉन्टियाक इंजिनं जोडलेली गाडी ताशी ४०६ मैलांवर नेली. परतीच्या धावेत शाफ्ट तुटला आणि विक्रम हुकला. एवढा वेग काढूनही त्यांच्या हाती कागद आला नाही.

वर्गवारीतही गंमत असते. ब्रीडलव्ह यांची १९६३ ची गाडी तीन चाकांची होती. मोटारींच्या जागतिक संघटनेनं तिला मोटार मानायला नकार दिला, मोटरसायकलींच्या संघटनेनं मात्र तीनचाकी म्हणून विक्रम मान्य केला. तेव्हा चौथं चाक लावायचं की नाही, हे फक्त इंजिनिअरिंगचं काम समजू नका.

इंजिनच नको असेल तर?

तर फार छान. नुसत्या शिडावर चालणाऱ्या ग्रीनबर्डनं २००९ मध्ये ताशी २०२.९ किलोमीटर गाठले. २०२२ मध्ये लेक गेर्डनरवर होरोनुकू या शिडाच्या गाडीनं २२२.४ गाठले, तेही वारा ताशी चाळीसच्या आसपास असताना. वाऱ्याच्या पाचपट! वाऱ्याला आडवं जाणारं शीड विमानाच्या पंखासारखं काम करतं, म्हणून हे जमतं.

पायडलवर? नेवाडातल्या बॅटल माउंटनच्या रस्त्यावर २०१६ मध्ये टॉड रायकर्ट यांनी अंड्यासारख्या बंद कवचात बसून ताशी १४४.१७ किलोमीटर काढले, जवळजवळ सपाट रस्त्यावर, फक्त पायांनी. आकाराबद्दल आम्ही वर जे घसा कोरडा करून सांगितलं त्याचा याहून चांगला पुरावा नाही.

तपासणीत काय बघतात?

रोल केजच्या, म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणाऱ्या पिंजऱ्याच्या, नळ्या आणि वेल्डिंग, पट्टे, आगरोधक कपडे, हेल्मेट, आग विझवायची यंत्रणा, इंजिन बंद करायचं बटण, इंधनाच्या नळ्या. उघड्या गाडीत हात बाहेर फेकले जाऊ नयेत म्हणून त्यांनाही पट्टे लागतात. मग तुम्हाला पूर्ण पेहरावात आत बसवून म्हणतात: आता कुणाच्या मदतीशिवाय बाहेर या. घरी डोळे बांधून याचा सराव करा. आमच्यातला एकजण पहिल्यांदा गुडघा अडकून आतच बसला, आणि त्या रात्री आम्ही टबाची कड चार बोटं कापली.

वेगाचा परवाना पायरीपायरीनं मिळतो. बॉनव्हिलला नवख्याला आधी ताशी १२५ मैलांच्या आतच धावावं लागतं, मग १५०, १७५, २०० अशा पायऱ्या. कटकट वाटते. फडफड अनुभवलेल्याला वाटत नाही.

माझं वय जास्त आहे. उशीर झाला का?

न्यूझीलंडचे बर्ट मन्रो ६८ वर्षांचे होते आणि त्यांची इंडियन स्काउट ४७ वर्षांची, तेव्हा १९६७ मध्ये त्यांनी बॉनव्हिलला १००० सीसीखालच्या वर्गात ताशी १८३.५८६ मैलांचा विक्रम केला. कारखान्यातून निघाली तेव्हा ती मोटरसायकल ताशी ५५ मैलांच्या पुढे जात नव्हती. पिस्टन ते स्वतः ओतत, जुन्या डब्यांचे साचे करून. २०१४ मध्ये त्यांच्या मुलाच्या लक्षात आलं की सरासरी काढताना चूक झाली होती. विक्रम १८४.०८७ असा दुरुस्त झाला. मन्रो जाऊन तेव्हा ३६ वर्षं झाली होती.

धाव संपल्यावर लगेच काय करायचं?

टप्पा पार होताच क्लच दाबा आणि इंजिन बंद करा, निवांत फिरत ठेवू नका. मग प्लग काढून बघा: त्या धावेचं मिश्रण कसं होतं ते त्याच्या रंगावर कळतं, इंजिन मंद फिरत राहिलं की तो रंग पुसला जातो. फिकट पांढरा दिसला तर पुढच्या धावेआधी जेट मोठा करा, पिस्टनला भोक पडायच्या आत. प्रत्येक नट हातानं चाचपा. मिठावर धावला असाल तर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं खालून धुवा, नळ्यांच्या आतूनसुद्धा, कारण मीठ रात्रभरात काम सुरू करतं.

आणि वेळेची चिठ्ठी लगेच कोरड्या डब्यात ठेवा. आमची पहिली चिठ्ठी घामानं पुसली गेली. तिच्यावर ११३ होतं की ११८, यावरून आम्हा तिघांत अजून वाजतं.